संगणकाची निद्रा आणि विजेचा हिशेब

दिनांक ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी दिल्ली अंधारात बुडाली. बीना व ग्वाल्हेर यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर सोसवेल त्याहून अधिक भार आला. ती वाहिनी बंद पडली आणि तिच्यामागोमाग उत्तर भारतातील विजेचे सबंध जाळे कोसळले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, पुन्हा तोच प्रकार घडला. या खेपेस उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारतातील जाळीही कोसळली आणि साठ कोटींहून अधिक वस्तीच्या प्रदेशातील वीज गेली. दिल्लीची मेट्रो जागच्या जागी थांबली, आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या.

या घटनेचा विद्युत्-अभियंत्यांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. येथे तिचा विचार निराळ्या कारणासाठी करावयाचा आहे. अशी कल्पना करावी की, त्या पहाटे दिल्लीतील एखाद्या कचेरीत एका ओळीत तीन संगणक होते. तिन्हींवर आदल्या दिवशीचे काम अर्धे राहिले होते आणि तिन्हींच्या मागे बॅटरीचा आधार नव्हता. पहिला संगणक चालूच ठेवला होता. दुसऱ्यास ‘स्लीप’ नावाच्या अवस्थेत, तर तिसऱ्यास ‘हायबरनेट’ नावाच्या अवस्थेत ठेवले होते. दुसऱ्याचा व तिसऱ्याचा पडदा सारखाच काळा होता, दोन्हींचे पंखे सारखेच थांबले होते. पाहणाऱ्यास दोन्ही यंत्रे झोपलेली दिसली असती. परंतु वीज परत आल्यावर पहिल्या दोन संगणकांवरील अर्धे काम नाहीसे झालेले आढळले असते, आणि तिसऱ्यावरील काम शेवटच्या अक्षरापर्यंत जसेच्या तसे मिळाले असते.

असे का व्हावे? बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन निद्रांमध्ये नेमका कोणता भेद आहे? हा भेद ज्यास समजला, त्यास संगणक केव्हा चालू ठेवावा, केव्हा झोपवावा व केव्हा पूर्ण बंद करावा, याचा निर्णय स्वतःच करता येईल. तो समजण्यासाठी प्रथम संगणकाच्या स्मृतीकडे वळले पाहिजे.

स्मृतीचे दोन प्रकार

जुन्या पद्धतीच्या एखाद्या सरकारी कचेरीतील कारकुनाचे मेज डोळ्यांपुढे आणावे. ज्या प्रकरणावर काम चालले आहे त्याचे कागद मेजावर पसरलेले असतात. बाकीच्या फायली मागच्या कपाटात असतात. मेजावरचा कागद हात पुढे करताच मिळतो, कपाटातील फाइल काढण्यास वेळ लागतो. डोक्यावर पंखा फिरत असतो, म्हणून मेजावरील कागद दाबून धरावे लागतात. दाबणारा हात निघाला की कागद उडालेच. कपाटातील फायलींना मात्र कोणी धरून बसावे लागत नाही.

संगणकातही अशीच व्यवस्था असते. चालू काम ज्या स्मृतीत असते ती ‘रॅम’ म्हणजे मेज होय. आणि ज्या चकतीवर अथवा ‘एस.एस.डी.’वर फायली साठवलेल्या असतात ती म्हणजे कपाट होय. मेजावरील कागद दाबून धरणारा हात म्हणजे वीज.

वीज या स्मृतीस अखंड का लागते, हे तिच्या रचनेवरून कळते. आजच्या संगणकांतील मुख्य स्मृतीची कल्पना आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांस १९६६ साली सुचली. तिच्यातील प्रत्येक घर एका ट्रँझिस्टरचे व एका अतिसूक्ष्म विद्युत्-धारित्राचे बनलेले असते. धारित्रात भार असला तर ‘एक’, नसला तर ‘शून्य’, अशी ही खूणगाठ आहे. तथापि इतक्या लहान धारित्रातील भार सतत झिरपत असतो. तळाशी बारीक छिद्र असलेल्या पेल्यांत पाणी भरून ठेवावे आणि ते आटण्यापूर्वी कोणीतरी पुन्हा पुन्हा भरीत फिरावे, तसे या घरांचे आहे. सर्वसाधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत प्रत्येक घर एकदा वाचून पुन्हा भरावे लागते. आठ गिगाबाइट स्मृतीत अशी सुमारे ६,८७० कोटी घरे असतात. ही फेरी चुकली की थोड्याच वेळात कोणता पेला भरलेला होता व कोणता रिकामा, हे सांगता येत नाही.

संगणकाची स्मृती पूर्वीपासून अशीच होती असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नाव दिलेल्या संगणकात चुंबकीय कड्यांची स्मृती होती. ४० अंकांचा एक, असे २,०४८ शब्द तीत मावत, म्हणजे एकूण ८१,९२० कडी. प्रत्येक कडे एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित झालेले असे, आणि ते चुंबकत्व टिकवून धरण्यास वीज लागत नसे. पुढे अर्धवाहक स्मृती आली. ती आकाराने लहान, गतीने शीघ्र व अत्यंत स्वस्त. परंतु वीज जाताच विसरणारी. संगणकाच्या निद्रेचा सारा प्रश्न या एका देवघेवीतून उत्पन्न झाला आहे.

निद्रेच्या पायऱ्या

घरगुती संगणकांच्या सुरुवातीच्या काळात यंत्राच्या दोनच अवस्था होत्या: चालू आणि बंद. बॅटरीवर चालणारे संगणक प्रचारात आले तेव्हा विजेची काटकसर करणे भाग पडले. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी त्यासाठी एक पद्धत ठरविली. तीत झोपेचा निर्णय बव्हंशी संगणकाच्या फलकावरील मूळ कार्यक्रमाकडे असे. वापरणारा काय करीत आहे याची त्या कार्यक्रमास पुरती कल्पना नसे. म्हणून यंत्र कधी भलत्याच वेळी झोपी जाई, तर कधी झोपतच नसे.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी मिळून नवे मानक प्रसिद्ध केले. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ए.सी.पी.आय. अशी होतात. २०१३ पासून हे मानक यू.ई.एफ.आय. फोरम या संघटनेकडे आहे. या मानकाने निर्णयाचा अधिकार विंडोज, लिनक्स यांसारख्या संचालन-प्रणालीकडे दिला, कारण कोणते काम चालले आहे हे तिलाच ठाऊक असते. आणि निद्रेच्या पायऱ्यांना क्रमांक दिले. एस-० म्हणजे जागृत अवस्था. एस-१ व एस-२ या हलक्या झोपेच्या पायऱ्या आता क्वचितच वापरल्या जातात. महत्त्वाच्या आहेत त्या पुढील तीन.

एस-३ ही ‘स्लीप’ अवस्था होय. हिच्यात प्रोसेसर, पंखे, चकती, पडदा या सर्वांची वीज तोडली जाते. केवळ स्मृतीस वीज मिळत राहते. कारकुनाने खोलीतील दिवे मालवले, परंतु कागद मेजावरच पसरलेले ठेवून ते दाबून धरण्यास एका शिपायास बसविले, असा हा प्रकार आहे. कळ दाबताच दोन-चार सेकंदांत काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते. परंतु शिपाई उठला की सर्व गेले.

एस-४ ही ‘हायबरनेट’ अवस्था. हिच्यात झोपण्यापूर्वी स्मृतीतील मजकुराची प्रत चकतीवरील एका मोठ्या फाइलीत लिहिली जाते आणि नंतर स्मृतीचीही वीज तोडली जाते. मेजावरील प्रत्येक कागद कोणत्या जागी होता याची टिपणे करून सर्व कागद कपाटात ठेवावे व कपाट लावून घ्यावे, त्याप्रमाणे. सकाळी टिपण पाहून मेज पुन्हा तसेच मांडता येते. यास वेळ लागतो. सेकंदास ५०० मेगाबाइट लिहिणाऱ्या एस.एस.डी.वर आठ गिगाबाइट मजकूर लिहिण्यास सुमारे सोळा सेकंद, तर सेकंदास १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या फिरत्या चकतीवर त्याच्या पाचपट. प्रत्यक्षात मजकूर संक्षिप्त करून लिहीत असल्यामुळे वेळ बहुधा याहून कमी लागतो. या थोड्या विलंबाच्या मोबदल्यात विजेवरचे अवलंबित्व संपते.

एस-५ म्हणजे ‘शट डाऊन’. काम आवरले, कागद फायलींत गेले, मेज मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी सर्व नव्याने मांडावयाचे.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसऱ्या संगणकाची आठवण विजेच्या आधारावर उभी होती, तिसऱ्याची चकतीवर लिहिलेली होती. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी शिपायाचा हात निघाला; कपाट जागेवरच राहिले.

बंद संगणकही पुरता बंद नसतो

‘शट डाऊन’ केलेल्या मेजावरील संगणकाची तार जोपर्यंत भिंतीतील जोडणीत आहे आणि तेथील बटण चालू आहे, तोपर्यंत त्याच्यात थोडी वीज वाहतच असते. आजच्या संगणकाची कळ म्हणजे जुन्या दिव्याच्या बटणाप्रमाणे प्रवाह प्रत्यक्ष तोडणारी कळ नव्हे; ती केवळ यंत्रास सूचना देते. ती सूचना ऐकण्यास यंत्राचा काही भाग जागा असला पाहिजे. त्यासाठी पाच व्होल्टची एक लहान शाखा सदैव चालू ठेवलेली असते. तिच्याच बळावर काही संगणक जाळ्यातून आलेल्या संदेशाने जागे करता येतात. तार काढली म्हणजेच यंत्र खऱ्या अर्थाने बंद होते.

त्यावेळीही त्याच्यातील घड्याळ चालू असते. नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची एक लिथियम बॅटरी त्यास पुरते. त्या घड्याळातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली असता बरोबर एक उरते, आणि निम्मे करण्याची क्रिया साध्या मंडलास सहज जमते. म्हणून ती निवडली आहे. वर्षानुवर्षे वापरलेला संगणक प्रत्येक वेळी चुकीची तारीख दाखवू लागला, तर ही बॅटरी संपली असण्याचा संभव असतो.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून पुष्कळ संगणकांत ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असता ‘शट डाऊन’ केल्यावर वापरणाऱ्याचे कार्यक्रम बंद होतात, परंतु संचालन-प्रणालीचा गाभा चकतीवर लिहून ठेवला जातो व पुढच्या वेळी तेथूनच उचलला जातो. ही अर्धी एस-४ अवस्थाच होय. म्हणून यंत्रात काही बिघाड दिसल्यास ते बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा ‘रीस्टार्ट’ करणे अधिक उपयोगी ठरते. कारण ‘रीस्टार्ट’ करताना सर्व गाभा नव्याने मांडला जातो. तसेच एकाच संगणकावर दोन संचालन-प्रणाली असतील, तर एक अशा रीतीने झोपली असता दुसरीतून तिच्या चकतीवर काही लिहू नये. झोपलेल्या प्रणालीने केलेली टिपणे व कपाटातील वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही आणि फायली बिघडतात.

जागेपणीची डुलकी

संगणकाची झोप म्हणजे केवळ रात्रीची झोप असे मात्र समजू नये. एखादा लेखनिक सेकंदास पाच अक्षरे उमटवीत असला, तर दोन अक्षरांमध्ये पंचमांश सेकंद जातो. सेकंदास ३०० कोटी ठोके घेणाऱ्या प्रोसेसरचे त्या अवधीत ६० कोटी ठोके होतात. एक अक्षर पडद्यावर उमटविण्यास त्यांतील अल्प भागच पुरतो. उरलेल्या वेळात प्रोसेसरने काय करावे?

तो डुलकी घेतो. करण्यासारखे काही उरले नाही की संचालन-प्रणाली त्यास थांबण्याची आज्ञा देते. प्रथम त्याचे ठोके थांबतात. स्वस्थता वाढली तर त्याच्या एकेका भागाची वीजच तोडली जाते. नवे अक्षर येताच तो जागा होतो. सेकंदात शेकडो वेळा हे घडते आणि वापरणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

काम हलके असेल तेव्हा ठोक्यांचा वेग व व्होल्टता दोन्ही कमी केली जातात. यात एक महत्त्वाचा नियम आहे. प्रोसेसरच्या मंडलांची उघडझाप होण्यात जी वीज खर्च होते, ती ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टता दशांशाने कमी केली, तर हा खर्च जवळजवळ पंचमांशाने घटतो. एकच संगणक भारी गणित करताना गरम होऊन पंखा जोराने फिरवितो, आणि पत्र लिहिताना शांत असतो, याचे कारण हेच.

एका कचेरीचा हिशेब

आता निद्रेने प्रत्यक्षात किती वीज वाचते ते पाहू. मेजावरील एक साधारण संगणक पडद्यासह, काही काम न करता नुसता चालू असताना ५० वॅट घेतो, ‘स्लीप’ अवस्थेत २ वॅट व बंद असताना १ वॅट घेतो, असे धरावे. यंत्रायंत्रांत फरक असतो. परंतु हिशेबासाठी हे आकडे वाजवी आहेत.

गुरुग्राममधील अथवा नोएडातील एखाद्या कचेरीत असे १०० संगणक आहेत. संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ, असे पंधरा तास ते नुसते चालू राहिले, तर एका रात्री ७५ युनिट वीज जाते. ‘स्लीप’ अवस्थेत ठेवल्यास ३ युनिट जाते. म्हणजे रात्रीस ७२ युनिटांची बचत. वर्षातील २५० कामाच्या दिवसांत १८,००० युनिटांची. आपल्या देशात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरीने सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्या हिशेबाने या एका कचेरीतून वर्षास साडेबारा टनांहून अधिक वायू टळतो.

आता तेच संगणक ‘स्लीप’ ऐवजी पूर्ण बंद केले तर? रात्रीस आणखी दीड युनिट वाचते, त्याहून अधिक नाही. अर्थात् बचतीचा बहुतेक सर्व भाग ‘स्लीप’ मध्येच पदरात पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लोक रात्री संगणक चालू ठेवतात ते बहुधा आळसाने नव्हे. उघडलेले काम आवरावे लागेल व सकाळी पुन्हा सर्व मांडावे लागेल, या धास्तीने. निद्रावस्थांनी ती धास्तीच अनावश्यक केली आहे.

दिल्लीच्या उन्हाळ्यात या हिशेबास आणखी एक रकाना जोडावा लागतो. संगणकाने घेतलेली वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने खोलीतच सोडली जाते. वातानुकूलन यंत्र एक युनिट वीज खर्चून तीन युनिटांइतकी उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर संगणकाच्या दर तीन युनिटांमागे आणखी एक युनिट ती उष्णता घालविण्यात जाते. दुपारच्या जेवणाच्या तासाभरात ते शंभर संगणक झोपविले तर ४.८ युनिटांची बचत होते, आणि वातानुकूलनाची १.६ युनिटांची; एकूण ६.४ युनिट. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटपर्यंत चढली होती. तीही दुपारच्याच वेळी. भार सर्वांत अधिक असतो त्याच वेळी कोणी न पाहणारा पडदा उजळत ठेवणे हा दुहेरी अपव्यय आहे.

याच संदर्भात एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावर हलती चित्रे दाखविणाऱ्या ‘स्क्रीन सेव्हर’ने वीज वाचते, अशी अनेकांची समजूत असते. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिले की त्याचा डाग पडे; तो टाळणे एवढाच या चित्रांचा उद्देश होता. आजच्या पडद्यामागील दिवा चित्र चालू असतानाही जळतच असतो. पडदा काळा होऊन विझेल तेव्हाच वीज वाचते.

विजेच्या काटकसरीचे देशातील प्रमुख कार्यालय दिल्लीतच आहे. २००१ च्या ऊर्जा संरक्षण कायद्यान्वये १ मार्च २००२ रोजी स्थापन झालेले ऊर्जा दक्षता ब्यूरो रामकृष्णपुरम येथील सेवाभवनात आहे. शीतकपाटांवर व वातानुकूलन यंत्रांवर दिसणारी ताऱ्यांची पट्टी याच कार्यालयाची. परंतु तारा यंत्राच्या घडणीची ग्वाही देतो. ते रिकामे असताना झोपते की नाही, हे वापरणाऱ्याच्या हाती राहते.

मिश्र निद्रा व अर्धवट निद्रा

‘स्लीप’ त्वरित जागी होते पण विजेवर अवलंबून असते; ‘हायबरनेट’ निर्धास्त असते पण संथ असते. मग दोहोंचा मेळ घालता येणार नाही काय? येतो. ‘हायब्रिड स्लीप’ या नावाने विंडोजमध्ये ती सोय २००७ पासून आहे. तीत स्मृतीची प्रत चकतीवर लिहिली जाते, आणि तरीही स्मृतीची वीज तोडली जात नाही. वीज टिकली तर संगणक मेजावरून उठतो. वीज गेली तर कपाटातून. मेजावरील संगणकांसाठी ही अवस्था विशेष सोयीची आहे.

याउलट लॅपटॉपांचा कल दुसरीकडे झुकला आहे. भ्रमणध्वनीचा पडदा विझला तरी संदेश येतच राहतात. लॅपटॉपही तसाच असावा, या विचाराने अनेक नव्या लॅपटॉपांतून एस-३ अवस्था काढून टाकण्यात आली. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले. ही नावाने झोप असली तरी मानकाच्या भाषेत ती एस-० चाच एक शांत प्रकार आहे. झाकण मिटलेले असताही यंत्र अधूनमधून जागे होऊन टपाल पाहते व जाळ्याशी बोलते. व्यवस्था नीट चालली तर खर्च अल्प असतो. परंतु एखाद्या कार्यक्रमाने यंत्रास झोपूच दिले नाही, तर पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी रिती झालेली आढळते.

आकड्यांत पाहता, ५० वॅट-तासांची बॅटरी असलेला लॅपटॉप एस-३ अवस्थेत अर्धा वॅट घेत असेल, तर शंभर तास टिकतो. दिल्लीहून मुंबईस जाणाऱ्या राजधानी एक्स्प्रेसला सोळा तासांच्या आतबाहेर वेळ लागतो. त्यात आठ वॅट-तास खर्च होतील. तोच लॅपटॉप पिशवीत जागा राहून आठ वॅट घेऊ लागला, तर बॅटरी सहा तासांत संपेल. ‘हायबरनेट’ केल्यास मात्र ती जवळजवळ जशीच्या तशी राहील. प्रवासाच्या आधी ‘हायबरनेट’ करावे, असे सांगतात त्याचे कारण हे आहे.

राजधानीतील व्यवहार

जून महिन्यातील आंधी तारांवर झाडांच्या फांद्या पाडते, कधी उष्णतेने रोहित्रांवरील भार वाढतो; म्हणून राजधानीच्या प्रदेशात अनेक घरांतून इन्व्हर्टर व मोठ्या इमारतींतून डिझेल जनित्रे ठेवलेली असतात. जनित्र सुरू होण्यास काही सेकंद जातात, आणि हिवाळ्यात हवा दूषित झाली म्हणजे त्यांच्या वापरावर निर्बंधही येतात. संगणकाचा विचार करताना हे सर्व ध्यानात घ्यावे लागते.

आपल्याकडील विजेची एका सेकंदात ५० आवर्तने होतात. म्हणजे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे. संगणकाचा विद्युत्पुरवठा पूर्ण भार असताना सुमारे एवढाच अवधी स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. इन्व्हर्टरने त्याहून लवकर सूत्रे हाती घेतली, तर संगणकास वीज गेल्याचे कळतही नाही. उशीर झाला तर तो बंद पडतो. घरगुती इन्व्हर्टरवर पुष्कळदा दोन खुणांची एक कळ असते. पंखे व दिव्यांसाठी असलेल्या खुणेवर ती ठेवली तर बदलास अधिक वेळ लागतो, ‘यू.पी.एस.’ या खुणेवर ठेवली तर कमी. संगणक जोडलेला असेल तेथे ती दुसऱ्या खुणेवर ठेवणे इष्ट. यू.पी.एस.वर चालणारा संगणक वीज गेल्यावर थोड्या मिनिटांनी स्वतःच ‘हायबरनेट’ व्हावा, अशीही योजना करता येते; मग बॅटरी संपली तरी काम हरवत नाही.

या सर्वांचे सार थोडक्यात असे सांगता येईल. दहा-पंधरा मिनिटांसाठी उठावयाचे असेल तर पडदा विझू द्यावा. तासाभरासाठी ‘स्लीप’ पुरे. मागे बॅटरी असल्यास रात्रीसाठीही ‘स्लीप’ चालेल. नसल्यास ‘हायब्रिड स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’. प्रवासात ‘हायबरनेट’. आठवड्याची सुट्टी असेल तर ‘शट डाऊन’ करून भिंतीवरील बटणही बंद करावे. एक वॅट वर्षभर वाहिला तर त्याचे पावणेनऊ युनिट होतात. आणि कोणत्याही निद्रेपूर्वी हातातील काम जतन करावे, कारण मेजावरील कागदाची एक प्रत कपाटात असण्यासारखी सुरक्षितता दुसरी नाही.

विजेच्या साहाय्याने आठवण ठेवणारे यंत्र मनुष्याने निर्माण केले, तेव्हा विस्मरणाचा धोका त्याबरोबर आलाच. निद्रेच्या या निरनिराळ्या अवस्था म्हणजे तो धोका व विजेचा खर्च यांमध्ये शोधलेल्या निरनिराळ्या तडजोडी आहेत. संगणक कोणती तडजोड पाळील हे त्याच्या मांडणीत ठरवून ठेवता येते, आणि त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. दिव्याचे बटण बंद करून खोलीबाहेर पडण्याची सवय पूर्वीच्या पिढीने लावून घेतली. संगणकास योग्य प्रकारे झोपविण्याची सवय त्याच जातीची आहे. ती ज्याने लावून घेतली, त्यास पुन्हा एखाद्या पहाटे वीज गेली तरी सकाळी आपले मेज मांडलेले सापडेल.